‘बाय’ आणि ‘टिल’: या चुका टाळा

‘पाचपर्यंत फाइल पाठव’ आणि ‘मी पाचपर्यंत ऑफिसात आहे’, मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च. इंग्रजीत मात्र इथे दोन वेगळे शब्द लागतात, आणि ‘बाय’च्या बहुतेक चुका याच जागी होतात. ‘सेंड द फाइल टिल फाइव्ह’ म्हणजे पाच वाजेपर्यंत फाइल पाठवतच राहा! काम एकदाच व्हायचंय, मुदत पाचची आहे, तर ‘बाय फाइव्ह’. उलट ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स’ ऐकून समोरच्याला वाटतं, तुम्ही सहाच्या आत येऊन पोहोचणार. सहापर्यंत थांबणार असाल तर ‘टिल सिक्स’. अडलं की ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. बसलं तर बाय, नाही तर टिल.

‘बाय मंडे’मध्ये सोमवार धरायचा का? साधारणपणे धरतात. पण सोमवार सकाळचा की रात्रीचा, यावर भांडणं होतात. सरळ वेळ लिहावी.

टिलचीच आणखी एक चूक: ‘वेट टिल आय डोन्ट कम’. ‘जोपर्यंत मी येत नाही’मधला ‘नाही’ जसाच्या तसा उचललेला. ‘टिल आय कम’ पुरे.

दुसरा घोळ ‘ने’ प्रत्ययाचा. ‘मुलाने चाकूने सफरचंद कापलं’ यात कर्ता आणि हत्यार दोघांनाही ‘ने’. इंग्रजीत हत्याराला ‘विथ’ लागतं, म्हणून ‘आय कट इट बाय नाइफ’ खटकतं. वाहनाला मात्र बाय चालतं: बाय बस, बाय ट्रेन. पण गाडी कुणाची ते सांगायचं असेल, तर ‘बाय माय कार’ नव्हे, ‘इन माय कार’. चालत गेलात तर ‘ऑन फूट’. ‘बाय वॉक’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, तरी ते चूकच.

आकड्यांत चूक झाली तर खिशाला लागते. 10,000 रुपये भाडं ‘रिड्यूस्ड बाय 2,000’ झालं तर 8,000 द्यायचे. ‘रिड्यूस्ड टू 2,000’ असेल तर फक्त 2,000. करारात हा शब्द दोनदा वाचा.

‘दहा बाय बाराची खोली’ कुणी चुकत नाही. ‘बायहार्ट’ही मराठीत मुरलंय, फक्त इंग्रजीत त्याचं ‘बायहार्टेड’ करू नका. ‘लर्न्ट इट बाय हार्ट’ म्हणा. आणि चॅटवर निरोप घेताना शेवटचा ‘ई’ गाळू नका. खरेदीच्या बायला मध्ये ‘यू’ लागतो, तो वेगळा.