सहारला उतरून कोकणातली गाडी पकडायची असेल तर

आखातातून सुट्टीवर येणार असाल तर बॅग भरण्याआधी तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिथे उतरत असाल तर सरळ पनवेल स्टेशन गाठा. बाकीचं सहारच्या, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, टी-२ टर्मिनलवाल्यांसाठी.

भारतातलं सिम निघण्याआधीच रिचार्ज करून ठेवा आणि थोड्या सुट्ट्या नोटा वरच्या खिशात असू द्या.

बॅगेचं वजन विमानाच्या काट्यावर ठरवू नका, जिन्यावर ठरवा. विमानाने ३० किलो सोडलं म्हणून एकाच बॅगेत ३० किलो कोंबलंत, तर ती स्टेशनच्या पुलावर चढवणार कोण? त्याच्या दोन करा. स्लीपर आणि थ्री टियर एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. खजूर आणा, ब्लँकेट नको. आई कितीही म्हणाली तरी कुडाळच्या हवेत ते पेटीतच पडून राहतं.

काळी-पिवळीच्या डिकीत निम्मी जागा सीएनजीची टाकी खाते. त्यामुळे टपावर कॅरियर असलेली टॅक्सी बघा आणि नायलॉनची दोरी आपलीच ठेवा. प्रीपेड टॅक्सीची पावती मुक्कामावर पोचल्याशिवाय ड्रायव्हरच्या हातात देऊ नका. रिक्षा माहीम-सायनच्या पुढे जात नाही. मेट्रो ३ टी-२ वरून थेट सीएसएमटीला जाते, एका बॅगेला उत्तम. पण ती रात्रभर चालत नाही आणि आखाताची विमानं नेमकी अपरात्री उतरतात.

आता गाडीत चढायचं कुठून? सगळे सांगतात ठाणे, जवळ पडतं म्हणून. पण ठाण्याला गाडी दोन-चार मिनिटं थांबते. त्यात पूल, गर्दी आणि आपला डबा नेमका दुसऱ्या टोकाला. मी सामान असलं की सीएसएमटीच धरतो. तिथे लांबच्या गाड्यांच्या फलाटांना जिना चढावा लागत नाही, हमाल मिळतो, गाडी आधीच लागलेली असते. तिकिटावर बोर्डिंगही तिथलंच घ्या. पहाटे तीनला उतरलात तर ५:१० च्या जनशताब्दीचा मोह नको. इमिग्रेशन आणि बॅगांच्या पट्ट्यावर दीड-दोन तास सहज जातात. ७:१० ची मांडवी बरी. संध्याकाळी उतरलात तर रात्री ११:०५ ची कोकणकन्या.

घरी विमानाची वेळ कळवून उपयोग नाही. न्यायला येणाऱ्याला गाडीचा डबा नंबर कळवा, कुडाळलाही गाडी फार वेळ थांबत नाही.