रेंडर चालू असताना माउस अडखळतोय?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या त्याच्या इंजिनाचं रेंडर (म्हणजे सीनपासून अंतिम चित्र बनवणं) लावलं की स्क्रीन अडखळते, कारण मॉनिटर आणि रेंडर दोन्ही एकाच ग्राफिक्स कार्डावर चालतात. दोन कार्डं असतील तर प्रेफरन्सेसमधल्या सिस्टम विभागात मॉनिटर जोडलेल्या कार्डाची खूण काढा, दुसऱ्याची ठेवा. यादीत प्रोसेसरही दिसतो. त्याचीही खूण काढा, नाहीतर बाकीचं काम रखडेल. वेळ वाढेल, पण हात मोकळे राहतात.

एकच कार्ड असेल आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर मॉनिटरची केबल सरळ मदरबोर्डला लावा. मेल, हिशेब, लिखाण आरामात होतं. (व्हिडिओ एडिटिंगची मात्र अपेक्षा नको.) आणि सीन मोठा असेल तर कार्डाची मेमरी आधी तपासा; दोन कार्डांची मेमरी आपोआप एकत्र होत नाही.