ध्वनिमापकावरचा 'मॅक्स' म्हणजे 'पीक' नव्हे
मॅक्स हा टाइम वेटिंगमधून (म्हणजे आवाजातले झटपट चढउतार ठरावीक काळावर सपाट करण्यातून) गेलेल्या पातळीचा सर्वांत मोठा आकडा. हा काळ फास्ट सेटिंगला 125 मिलिसेकंद, स्लोला 1 सेकंद. त्यामुळे हातोड्याच्या एका ठोक्याला स्लो मॅक्स बराच कमी येतो. नोंदीत नुसतं 'मॅक्स' लिहू नका, वेटिंगसकट लिहा. पीकला टाइम वेटिंग नसतंच. तो ध्वनिदाबाच्या लहरीचं खरं टोक पकडतो, बहुधा सी वेटिंगने (हे वेळेचं नव्हे, आवाजाच्या वारंवारतेनुसारचं वेटिंग). ठोक्यांच्या आवाजात तो मॅक्सपेक्षा 20 डेसिबलनेही वर जाऊ शकतो, म्हणून कानांच्या सुरक्षेसाठीची 140 डेसिबलची पीक मर्यादा मॅक्सवरून तपासणं चूकच. पडताळणी सोपी आहे: 1 किलोहर्ट्झ, 94 डेसिबलचा कॅलिब्रेटर (मायक्रोफोनवर बसवायचा, ठरावीक आवाज देणारा स्रोत) चालू असताना सी पीक 97 च्या आसपास दिसायला हवा. मात्र कॅलिब्रेटर काढताना मायक्रोफोनला बसलेला धक्काही पीक म्हणून नोंदला जातो. रीसेट करूनच मोजायला लागा.