सोलापूरच्या थंडीपुरतं विणकाम, आपल्याला आवडेल त्या रंगात

सोलापुरात "मी विणकाम करते" म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या कारखान्यात? कारण इथं विणकाम म्हणजे माग, खटखट आवाज, चादर न टॉवेल. दोन सुया घेऊन बसलेली बाई दिसली की लोकांना गंमत वाटते, वरनं उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जाणारं गाव, इथं लोकर कशाला. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे होटगी रोडनं स्कूटीवर जाऊन बघा कान कसे ठणकतात ते, नाहीतर सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या एसी डब्यात रात्रभर झोपून बघा. स्वेटर मात्र इथं खरंच लागत नाही, दहा वाजता ऊन तापलं की तो काढून हातात धरून फिरायचं. म्हणून मी स्वेटरच्या नादालाच लागत नाही. कानपट्टी आणि मफलर, बास.

लोकर घेताना आधी हात लावून बघा, मग गालाला लावून बघा. घोंगड्याची दख्खनी मेंढीची लोकर एक नंबर असते पण ती अंगावर घ्यायला, मानेला टोचते. बाजारात मिळते ती बहुतेक ॲक्रेलिक असते आणि आपल्या थंडीला ती पुरते. दुकानदार "प्युअर आहे ताई" म्हणाला तर घरी येऊन एक छोटा धागा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते न राख चुरते, ॲक्रेलिक वितळून कडक गोळी होते. आणि एकाच रंगाचे दोन गुंडे घेत असाल तर वेष्टनावरचा लॉट नंबर सारखा आहे का बघाच, नाहीतर अर्धा मफलर मरून न अर्धा जांभळट असं होतं, दुकानातल्या ट्यूबलाईटमध्ये ते कळत नाही.

सुया ८ नंबरच्या घ्या, म्हणजे ४ मिमी. आपल्याकडच्या नंबरात एक उलटी भानगड आहे, नंबर मोठा तेवढी सुई बारीक, त्यामुळं १० नंबर ८ पेक्षा बारीक असते. त्यावर मध्यम जाडीची लोकर, जिला डीके किंवा ८ प्लाय म्हणतात.

आता लगेच टाके घालून सुटायचं नाही. चादरीत उभे-आडवे धागे सरळ जातात म्हणून ती ताणत नाही, सुयांच्या विणीत नुसते फास असतात एकात एक अडकवलेले, म्हणून ती ताणते, आणि म्हणूनच माप आधी काढावं लागतं. माझी पहिली टोपी मी अंदाजपंचे विणली, ती कळशीला बसली, डोक्याला नाही. तर २५ टाके घालून ३०-४० ओळी विणा, आडवं ठेवा, ताणू नका, आणि मधल्या १० सेंमीत किती टाके बसतात ते पट्टीनं मोजा. साधारण २० येतील. २३-२४ आले तर तुमचा हात घट्ट आहे, एका नंबरानं जाड, म्हणजे ७ नंबरची सुई घ्या. हाताशी भांडू नका, सुई बदला.

कानपट्टी सगळ्यात सोपी, एका आठवड्याच्या सिरियलमध्ये होते. कानावरून डोक्याचा घेर मोजा, समजा ५४ सेंमी आला तर पट्टी ४९ च्या आसपास विणायची, ताणून बसली पाहिजे. २० टाके घाला. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता दुसऱ्या सुईवर सरकवा, बाकी सगळे सुलट, म्हणजे धागा मागं ठेवून विणायचे, दोन्ही बाजूंनी सुलटच, धागा पुढं घेऊन विणायचा तो उलट टाका येतच नाही. पहिला टाका सरकवल्यामुळं कडेला नीट साखळी येते. प्रत्येक चार-पाच ओळींनी टाके मोजा हां, २० चे २२ कधी होतात कळत नाही, धागा चुकून सुईवरून पुढं येतो न एक टाका वाढतो, माझा पहिला मफलर खाली २० सेंमी होता आणि वर जाऊन पदरासारखा पसरला. टाका सुटला तर घाबरून सुई ओढू नका, सुटलेल्या टाक्याला आधी सेफ्टी पिन लावा, मग तिथं आडव्या धाग्यांची शिडी दिसते, क्रोशाच्या सुईनं खालून तिची एकेक पायरी उचलत वर या. माप झालं की टाके बंद करताना हात सैल ठेवा, दोन टोकं शिवा, शिवणीवर ६ टाक्यांची छोटी पट्टी विणून गुंडाळा, पुढं छान चुणी येते. ५० ग्रॅमच्या आत काम होतं.

मफलरला मी साबुदाण्याची वीण घालते, कारण एका बाजूनं सुलट न एका बाजूनं उलट असं साधं विणलं की कडा गुंडाळतात आणि मफलरची सुरळी होते. ४१ टाके, एक सुलट एक उलट, प्रत्येक ओळ सुलटनंच सुरू करायची न सुलटनंच संपवायची. टाके विषम असल्यामुळं दाणे आपोआप उलटसुलट बसतात, डोकं लावायला लागत नाही. दीड मीटर लांबीला २०० ग्रॅम लोकर धरा.

खरा घोळ रंगाचा. मी दोन वर्षं फोनवर बघून राखाडी, बिस्किटी, फिकट गुलाबी असलं विणत होते, ते बर्फात गोऱ्या पोरी घालतात तसं. शेजारच्या अक्का, घरी तेलुगू बोलतात, आयुष्य मागाशेजारी गेलं, त्या एकदा म्हणाल्या "काय गं, आजारी हैस का, मळकट काय घातलीस." राग आला. घरी येऊन कपाट उघडलं तर साड्या न ड्रेस सगळे मरून, आमरसी पिवळे, बाटली हिरवे. मग कुणासाठी विणत होते मी ते राखाडी? आता आधी कपाट बघते, मग लोकर. दोन रंग एकत्र घ्यायचे तर दोन्ही गुंडे शेजारी ठेवून फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढा, दोन्ही सारखेच करडे दिसले तर पट्टे उठून दिसणार नाहीत, एक गडद एक फिका पाहिजे. मरून आणि बाटली हिरवा मला आवडतात पण फोटोत एकजीव होतात, मध्ये दोन ओळी पिवळ्या टाकल्या की जमतं.

लोक बोलणारच. "कुठं चाललीस, काश्मीरला?" मी म्हणते, नाही, भाजी आणायला. भावाला गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीवर घालायला मफलर हवा होता, मी मरूनमध्ये राणी कलरची पट्टी घातली, आधी "पोरींचा रंग" म्हणून तोंड वाकडं केलं, मग यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला तोच घालून गेला न अजून धुवायला दिला नाही.

धुवायचं म्हटलं तर गार पाणी, थोडा शाम्पू, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं, दोरीवर टांगलं की लांबतं. ॲक्रेलिकवर गरम इस्त्री फिरवली की वीण चपटी होऊन मरते, परत उठत नाही. खरी लोकर असेल तर गरम पाणी लांबच ठेवा, आटून लहान मुलाची होते. फेब्रुवारीत ऊन लागायला लागलं की वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून सोबत ठेवायचा न सगळं ट्रंकेत, चादरींच्या मध्ये.