नवा जिल्हा, जुना नकाशा: खानदेशातल्या हद्दी वाचताना या चुका टाळा

1991 च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाखांच्या वर होती. 2001 मध्ये ती 17 लाखांवर आली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘दुष्काळ आणि स्थलांतरामुळे धुळ्याची लोकसंख्या घटली’ असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प अहवाल दरवर्षी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात जमा होतात. स्थलांतर होतं, नाही असं नाही. पण आठ लाख माणसं ऊसतोडीला जाऊन परत आलीच नाहीत, असं काही घडलेलं नाही. मध्ये 1 जुलै 1998 ही तारीख आहे. त्या दिवशी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके धुळ्यातून निघाले आणि नंदुरबार जिल्हा झाला. 2001 ची तुलना करायची तर धुळ्याच्या 17 लाखांत नंदुरबारचे 13 लाख मिळवावे लागतात. बेरीज 30 लाखांवर जाते, म्हणजे दहा वर्षांत पाचेक लाखांची वाढच झाली.

खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. हद्द राजपत्रातल्या अधिसूचनेने, ठरलेल्या तारखेला बदलते. नकाशे, संकेतस्थळांवरच्या याद्या, मतदारसंघ आणि दाखले आपापल्या सवडीने मागून येतात. काही येतच नाहीत. त्यामुळे कुठलाही नकाशा हातात घेतला की तो कुठल्या तारखेचा, हे आधी बघायचं.

बातमी आली म्हणजे जिल्हा झाला

26 जानेवारी किंवा 15 ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या जिल्ह्यांची यादी फिरू लागते. तिच्यात भुसावळ हमखास असतं. मागणी जुनी आहे, तिच्यामागे कारणंही आहेत. पण मागणी, घोषणा, समितीचा अहवाल आणि जिल्हा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यातला शेवटचा नवा जिल्हा पालघर, 1 ऑगस्ट 2014 चा. तो छत्तिसावा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 4 मध्ये हे अधिकार नेमके वाटून दिलेले आहेत. जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव यांच्या हद्दी ठरवणं, बदलणं, त्यांना नाव देणं हे राज्य शासन राजपत्रातल्या अधिसूचनेने करतं. तालुक्यातल्या सजा (एका तलाठ्याकडची गावं) आणि मंडळं (अनेक सजांचा गट) मात्र जिल्हाधिकारी आपल्या आदेशाने बदलू शकतात. दोन्ही बाबतींत एक अट आहे: आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या, मग अंतिम आदेश काढायचा. कोणी ‘अधिसूचना आली’ म्हणून पीडीएफ पाठवली तर तिच्यात हरकतींसाठी मुदत दिली आहे का ते बघा. दिली असेल तर तो मसुदा आहे, नकाशा बदलायची घाई करू नका.

अपर तहसील कार्यालयाच्या बाबतीत असाच घोळ होतो. पिंपळनेरला अपर तहसील कार्यालय आहे म्हणून पिंपळनेर तालुका झालेला नाही; तालुका साक्रीच. कार्यालय लोकांच्या सोयीसाठी असतं, हद्द जागची हलत नाही. तरी अर्जात ‘ता. पिंपळनेर’ लिहून तो परत आलेली माणसं भेटतात.

जुना कागद ‘दुरुस्त’ करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर.

शहाद्याच्या एखाद्या कुटुंबाकडे आजोबांचा शाळेचा दाखला असतो. त्यावर जिल्हा पश्चिम खानदेश. वडिलांच्या जातीच्या दाखल्यावर जिल्हा धुळे. मुलाच्या कागदावर नंदुरबार. गाव तेच, घर तेच, तीन पिढ्यांत जिल्हे तीन. 1906 मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. 1960 मध्ये पूर्वेचं नाव जळगाव झालं आणि पश्चिमेचं धुळे. त्यानंतर 1998. जात पडताळणीच्या वेळी हे तीन कागद पुढे आले की गडबडलेला अर्जदार कोणाच्या तरी सल्ल्याने जुन्या दाखल्यावर नवा जिल्हा लिहवून आणतो. असं चुकूनही करू नका. 1995 चा दाखला धुळ्याचाच असणार; त्यावर नंदुरबार दिसलं तर उलट संशय येतो.

यावर कचेरीतलीच जुनी पद्धत वापरा. अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात ‘तत्कालीन जि. धुळे, हल्ली जि. नंदुरबार’ असं लिहा आणि जिल्हा विभाजनाची तारीख द्या. आजोबांच्या कागदासाठी ‘तत्कालीन जि. पश्चिम खानदेश’. जुन्या कागदाला हात लावायचा नाही, दुवा नव्या कागदात द्यायचा.

नाव बदललं असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. त्याच कलम 4 मध्ये म्हटलंय की महसुली क्षेत्राचं नाव बदललं की कायद्यात किंवा दस्तऐवजात जिथे जुनं नाव आहे, तिथे ते नव्या नावाचं आहे असंच समजायचं, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. जुन्या खरेदीखतात ‘ता. एदलाबाद’ आहे म्हणून ते खत बाद होत नाही, आणि चूक दुरुस्तीचा दस्त करायचीही गरज नाही. तसं कोणी सांगितलं तर हे कलम दाखवा. बँकेतल्या साहेबांना दाखवायलाही उपयोगी पडतं.

अक्राणीची गोष्ट थोडी वेगळी. तालुका अक्राणी, त्याचं मुख्यालय धडगाव, आणि लोक दोन्ही नावं सर्रास वापरतात. ऑनलाइन अर्जात धडगाव सापडलं नाही तर अक्राणी शोधा, अक्राणी सापडलं नाही तर धडगाव. शिंदखेड्याचं ‘सिंदखेडा’ही असंच बघावं लागतं.

पिनकोडवरून जिल्हा ओळखणं

पोस्टाला जिल्ह्याशी फार देणंघेणं नसतं. टपाल कुठून कसं जातं यावर त्यांचा हिशेब. धुळे शहर 424001, जळगाव 425001. म्हणून 424 म्हणजे धुळे आणि 425 म्हणजे जळगाव असं सूत्र एक्सेलमध्ये टाकलं की चाळीसगाव (424101), पाचोरा (424201) आणि जामनेर (424206) धुळ्यात जाऊन पडतात, तर धुळे जिल्ह्यातलं शिरपूर (425405) आणि दोंडाईचा (425408) जळगावात. पत्त्यांच्या यादीत जिल्ह्याचा रकाना स्वतंत्र ठेवा आणि तो गावावरून भरा.

गाडीच्या नंबरचंही तेच. नंदुरबारला एमएच-39, धुळ्याला एमएच-18; पण नंदुरबारात एमएच-18 ची जुनी गाडी दिसली तर ती धुळ्याहूनच आली असेल असं नाही.

मतदारसंघाला जिल्हा समजणं

लोकसभा निकालाचे रंगीत नकाशे काढणारे इथे घसरतात. 2008 च्या परिसीमनानंतर (मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्यानंतर) धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा यांच्यासोबत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण आहेत. साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण लोकसभेला मतदान नंदुरबारसाठी. रावेर मतदारसंघात बुलढाण्याचं मलकापूर आहे. म्हणजे ‘धुळे’ नावाच्या दोन आकृत्या आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत. (मालेगाव आणि बागलाण हे 1869 पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते. परिसीमन आयोगाने इतिहास बघून हे केलं नसावं, पण जुळून आलंय खरं.)

गाव, ग्रामपंचायत आणि शहर यांची गल्लत

महसुली गाव जमीन महसूल संहितेने ठरतं, ग्रामपंचायतीचं गाव ग्रामपंचायत अधिनियमाने, आणि शहराची हद्द नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या कायद्याने. तीन कायदे, तीन हद्दी. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. धुळे महापालिकेची हद्द 2018 मध्ये वाढली तेव्हा वलवाडी, महिंदळे यांसारखी गावं शहरात आली. घरपट्टी महापालिकेला जाऊ लागली, मतदान प्रभागात होऊ लागलं, पण सातबाऱ्यावर गाव म्हणून वलवाडीच. सातबाऱ्याच्या साइटवर ‘धुळे’ टाकून जमिनीचा गट नंबर शोधत बसलात तर सापडणार नाही.

उलट बाजूही आहे. सातपुड्यातल्या अनेक वस्त्या वर्षानुवर्षं वनगावं (वनखात्याच्या जमिनीवरची गावं) म्हणून राहिल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा गावांचं महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क दिला. पण रूपांतर कागदावर झालं तरी गावनकाशा लगेच हाती येतो असं नाही. मोजणी व्हावी लागते. ऑनलाइन भूनकाशात तुमचं गाव दिसत नाही याचा अर्थ गाव अस्तित्वात नाही असा होत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची स्थिती लेखी विचारा.

राज्याची सीमा राज्याला बदलता येते असं धरणं

येत नाही. घटनेच्या कलम 3 नुसार ते काम संसदेचं. 1 मे 1960 ला मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावं गुजरातकडे गेली. विभागणीच्या कायद्याच्या परिशिष्टात त्या गावांची नावानिशी यादीच आहे. निझर, उच्छल ही गावं आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहेत, बाजार आणि सोयरीक मात्र अजून सीमेच्या अलीकडेही होते. नवापूर रेल्वे स्थानकात तर फलाटावरूनच सीमा जाते. तिथला नकाशा काढताना ‘फलाट तुटलाय, चूक असेल’ म्हणून सीमारेषा सरळ करू नका. ती तशीच आहे.

नकाशाच्या फायलीत गावं हरवली, तर

हा भाग संगणकावर नकाशे जोडणाऱ्यांसाठी. तक्ता नकाशाला जोडल्यावर काही गावं रिकामी दिसू लागली तर सहसा तीन कारणं निघतात.

पहिलं, जोड नावावर केलेला असतो. खानदेशात पिंप्री आणि वडगाव किती आहेत याला सुमार नाही. त्यातून मार्ग म्हणून नावापुढे बुद्रुक, खुर्द किंवा जुन्या परगण्याचं ‘प्र.’ असलेलं शेपूट असतं. टंकणारा ते अनावश्यक समजून उडवतो आणि दोन गावं एक होतात. जोड गावाच्या कोडवरच करा.

दुसरं, कोड दोन वहिवाटींचे असतात. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार 497, धुळे 498, जळगाव 499. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले कोड वेगळे आहेत. दोन्ही तीन अंकी असल्यामुळे संगणक काही तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचा जिल्हा जोडतो. रकान्याच्या नावातच कोड कुणाचा आणि कुठल्या वर्षाचा ते लिहा.

तिसरं, नकाशाची आणि तक्त्याची तारीख जुळत नाही. जनगणनेच्या आधी प्रशासकीय हद्दी गोठवतात. 2027 च्या जनगणनेसाठी ती तारीख 31 डिसेंबर 2025 आहे. त्या दिवशी जो तालुका, जे गाव होतं त्यानुसारच मोजणी होणार. तुमची फाइल 2011 ची असेल तर नवे आकडे आल्यावर ती काही ठिकाणी जुळणार नाही. तेव्हा नकाशा ओढूनताणून बसवू नका. जुना कोड, नवा कोड, बदलाची तारीख आणि अधिसूचनेचा क्रमांक असे चार रकाने असलेला साधा तक्ता आत्ताच करून ठेवा. गाव फुटलं असेल तर दोन ओळी, दोन गावं एक झाली असतील तरी दोन ओळी. अधिसूचनेचा क्रमांक मिळत नसेल तर राजपत्राची नाशिक विभागीय पुरवणी चाळा, आणि तिथेही नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.