एक्सेलमध्ये रिकामे सेल निवडताना या चुका टाळा

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक वाढली की अडत्याच्या ऑफिसातली एक्सेल शीटही लांबत जाते. काटोल, नरखेड, कळमेश्वर असं गावाचं नाव एकदाच टाकायचं आणि खालच्या ओळींत ती जागा कोरी सोडायची, ही वहीची सवय. वहीत ते चालतं. शीटला फिल्टर लावला की काटोलची एकच ओळ दिसते. मग कोणीतरी सांगतं, एफ५ दाब, ‘स्पेशल’मध्ये जा, ‘ब्लँक्स’ म्हणजे रिकामे सेल निवड. सल्ला बरोबर आहे, गडबड त्याच्या पुढं होते.

सगळ्यात महागात पडतं ते ब्लँक्स निवडून लगेच कंट्रोल आणि मायनस दाबणं, आणि ‘एन्टायर रो’ उडवणं. काढायच्या असतात अधल्यामधल्या कोऱ्या ओळी, पण जिथं फक्त हमालीचा रकाना भरायचा राहिलाय ती ओळही जाते. संध्याकाळी मालक विचारतात, “काहून बा, निम्म्या पट्ट्या कुठं गेल्या?” तोवर फाइल सेव्ह करून बंद केली असेल तर कंट्रोल-झेडही कामाचं नाही. वजनासारखा, प्रत्येक खऱ्या नोंदीत भरलेलाच असतो असा एक रकाना निवडा आणि फक्त त्यातले ब्लँक्स शोधा. एकच सेल निवडून ही आज्ञा दिली तर एक्सेल शीटचा वापरलेला सगळा भाग धुंडाळतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

गावाची नावं खाली भरायची असतील तर ब्लँक्स निवडल्यावर माउसला हात लावू नका. एक क्लिक झाली की निवड गेली. तसंच बरोबरचं (=) चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल-एंटर. नुसतं एंटर दाबलं तर एकच सेल भरतो. नावाऐवजी सूत्रच अक्षरांसारखं दिसलं तर रकान्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ आहे. तो ‘जनरल’ करून पुन्हा भरा. आणि इथंच थांबू नका. ती सगळी सूत्रं आहेत, शीट सॉर्ट केली की काटोलचा माल नरखेडच्या नावावर चढतो. पूर्ण रकाना कॉपी करून तिथंच ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, म्हणजे सूत्रं जाऊन नुसती नावं राहतील.

समोर कोरे सेल दिसतात, तरी एक्सेल म्हणतं ‘नो सेल्स वेअर फाउंड’? दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलींत हे नेहमीचं. सेलमध्ये एखादी स्पेस असते, नाहीतर कोरं उत्तर देणारं सूत्र. शंका असेल तर सेलमधली अक्षरं मोजणारं ‘लेन’ फंक्शन लावा. १ आलं तर बहुतेक स्पेस आहे. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘मॅच एन्टायर सेल कंटेंट्स’वर खूण करून ती काढा. ती खूण विसरलात तर नावांमधल्या स्पेसही उडतील. ० आलं आणि फॉर्म्युला बारमध्ये सूत्र दिसलं, तर एक्सेलच्या लेखी तो सेल रिकामा नाहीच.

माझ्या मते एफ५ आणि ‘स्पेशल’नं उघडणाऱ्या या खिडकीतला सगळ्यात कामाचा पर्याय मात्र ब्लँक्स नाही. वजनाची बेरीज काट्याच्या आकड्यापेक्षा कमी येते तेव्हा तो रकाना निवडा, ‘कॉन्स्टंट्स’ (सूत्र नसलेल्या, थेट टाइप केलेल्या नोंदी) घ्या आणि फक्त ‘टेक्स्ट’वर खूण ठेवा. अक्षर बनून बसलेले आकडे लगेच हाती लागतात. बेरजेत ते धरलेलेच नसतात.

हातानं लपवलेल्या ओळी कॉपी करताना सोबत येतात. आधी ऑल्ट आणि सेमीकोलन दाबून फक्त दिसणारे सेल निवडा.

ऑफिसातल्या जुन्या पीसीवर एक्सेल २००७ असेल तर ८,१९२ पेक्षा जास्त तुटक तुकडे त्याला एका वेळी निवडता येत नाहीत, शीट भागाभागानं करा. गूगल शीट्समध्ये ही खिडकीच नाही. तिथं फिल्टर लावून ‘ब्लँक्स’वर खूण करा.