न्यू जर्सीत इंजिनिअरवर दावा लावण्याआधी: अ‍ॅफिडेव्हिट ऑफ मेरिटची तयारी

“घरामागची माती अडवणारी भिंत, रिटेनिंग वॉल, पुढे झुकली आहे, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरवर केस करायची आहे. तू पी.ई., म्हणजे लायसनधारक प्रोफेशनल इंजिनिअर आहेस ना, मग एक सही दे.” न्यू जर्सीत माझ्यासारखं लायसन असलेल्या मराठी माणसाला असा फोन येतोच. फोन करणाऱ्याचं नुकसान खरं असतं, राग रास्त असतो. पण ती ‘एक सही’ चुकीच्या माणसाची किंवा उशिरा आलेली असेल, तर भिंत कशामुळे झुकली हे कोर्टापुढे येण्याआधीच दावा संपतो. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी काय हाताशी ठेवायचं, ते सविस्तर लिहितो आहे.

आधी सही कशासाठी ते समजून घ्या. न्यू जर्सीत 1995 पासून कायदा आहे की डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर अशा लायसनधारकाच्या हयगयीमुळे इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचं नुकसान झालं असं म्हणायचं असेल, तर त्याच क्षेत्रातल्या जाणकाराचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याला अ‍ॅफिडेव्हिट ऑफ मेरिट म्हणतात. प्रतिवादीचं काम व्यवसायाच्या मान्य दर्जाला धरून नव्हतं, अशी वाजवी शक्यता दिसते, एवढंच त्यात शपथेवर सांगायचं असतं. सगळं गणित तिथे मांडावं लागत नाही. पण ते दिलं नाही, तर दाव्याला कारणच नाही असं धरलं जातं आणि तो बहुधा कायमचा फेटाळला जातो.

तयारीची सुरुवात भिंतीपासून करा, आणि दुरुस्तीचा हात लागण्याआधी करा. एका ओळखीच्या घरी मी पोचलो तेव्हा कंत्राटदाराने अर्धी भिंत पाडून झाली होती. उरलेल्या अर्ध्या भागात पाणी बाहेर पडायची भोकं होती, म्हणजे वीप होल. त्यात बोट घातलं तर आत ओली चिकणमाती लागली, मागे पाणी निचरण्यासाठीचा खडीचा थर जाणवेना. ड्रॉइंगमध्ये खडी दाखवलीच नव्हती, की दाखवली होती आणि कंत्राटदाराने टाकली नाही? उत्तर पाडलेल्या अर्ध्या भागात होतं, आणि तो भाग ट्रकमधून गेला होता. मला फार वाईट वाटलं, कारण त्या घरच्यांची चूक एवढीच की पाऊस यायच्या आत त्यांना घर सुरक्षित करायचं होतं. तेव्हा धोका असेल तर टेकू द्या, पण पाडण्याआधी टेप धरून फोटो काढा, तड्याशेजारी पेन्सिलने तारीख लिहा, आणि समोरच्या इंजिनिअरलाही वकिलामार्फत पाहणीची लेखी संधी द्या. नाहीतर पुरावा तुम्हीच नष्ट केलात, असं तो म्हणेल.

मग कागद. करार, बिलं, ई-मेल, आणि मुख्य म्हणजे सही-शिक्क्याची ड्रॉइंग. तुमच्याकडे नसतील तर टाउनशिपच्या बांधकाम खात्यात परमिटची फाइल असते. ती ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली मागता येते, आणि साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. प्रत्येक शीटवरचा शिक्का नीट वाचा. तो इंजिनिअरचा आहे की आर्किटेक्टचा? इथेच लोक फसतात. हिल इंटरनॅशनल विरुद्ध अटलांटिक सिटी बोर्ड ऑफ एज्युकेशन या 2014 च्या निकालात अपील कोर्टाने सांगितलं, की आर्किटेक्टविरुद्ध इंजिनिअरचं प्रतिज्ञापत्र चालणार नाही, लायसन त्याच प्रकारचं हवं. एकाच घराच्या कामात दोघे असतील, तर दोन वेगळे जाणकार शोधायला लागा. कंत्राटदार या कायद्याच्या यादीत नाही, त्यामुळे त्याच्यावरच्या दाव्याला हा कागद लागत नाही.

जाणकाराची निवड ही सगळ्या तयारीतली सर्वांत नाजूक गोष्ट. त्याचं लायसन न्यू जर्सीचं किंवा अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्याचं हवं, आणि त्या विशिष्ट कामात त्याचा मुख्य व्यवसाय निदान पाच वर्षं असायला हवा. पुण्यातल्या काकांनी चाळीस वर्षं धरणं बांधली असतील, त्यांच्याकडून भिंतीचं दुखणं जरूर समजून घ्या, पण त्यांची सही इथे चालणार नाही. माझीही बहुतेक वेळा चालत नाही. माझं काम रस्त्यांचं आहे, माती अडवणाऱ्या भिंतींचं नाही. शिवाय निकालात त्या माणसाचा आर्थिक हितसंबंध नसावा. ‘जिंकलो तर फी’ असा व्यवहार त्याच्याशी करू नका, आणि दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार आहे त्याच्याकडून सही घेऊ नका. नातलग-मित्रांना कायद्याने थेट मज्जाव नाही, तरी मी त्यांच्यासाठी सही करत नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न मैत्रीवरच येईल.

आता तारखा. प्रतिवादीने लेखी उत्तर दाखल केल्या दिवसापासून 60 दिवसांत प्रतिज्ञापत्र त्याच्या हातात पडलं पाहिजे. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट एकदाच, जास्तीत जास्त आणखी 60 दिवस देऊ शकतं. प्रतिवादी तीन असतील तर उत्तरं तीन, म्हणून तिघांच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. 2003 च्या फेरेरा निकालानंतर अशा दाव्यांत उत्तरापासून 90 दिवसांच्या आत या प्रतिज्ञापत्राबद्दल न्यायाधीश बैठक घेतात, पण तिच्यावर विसंबू नका. पॅरागॉन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध पीचट्री काँडोमिनियम या 2010 च्या निकालात, जिथे प्रश्न इंजिनिअरवरच्या दाव्याचाच होता, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बैठक झाली नाही म्हणून मुदत थांबत नाही. फेरेरा प्रकरणात तर प्रतिज्ञापत्र तयार होतं, वकिलाकडून फक्त पाठवायचं राहिलं होतं. म्हणून माझा आग्रह असा, की दावा दाखल करायच्या आधीच सही घेऊन ठेवा, आणि ‘पाठवलं का?’ हे वकिलाला लेखी विचारा. टेक्सासमध्ये भावाचं घर असेल तर त्याला हा हिशेब सांगू नका. तिथे असं प्रमाणपत्र दाव्याच्या पहिल्या अर्जासोबतच जोडावं लागतं.

दावा लावायची मुदत वेगळी असते. मालमत्तेच्या नुकसानीला सहा वर्षं, शारीरिक इजेला दोन, आणि बांधकामाच्या डिझाइनसाठी काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांची बाहेरची हद्द. घर जुनं असेल तर आधी हीच तारीख मोजा.

‘हयगय’ शब्द टाळून ‘कराराचा भंग’ लिहिलं की सुटका होते, असं कोणी सुचवेल. कोर्ट नाव पाहत नाही. दावा सिद्ध करायला व्यवसायाच्या दर्जाचा पुरावा लागणार का, ते पाहतं. चूक सामान्य माणसालाही उघड दिसत असेल तर सूट मिळते, जशी 2001 च्या एका खटल्यात दंतवैद्याने चुकीचा दात उपटल्याच्या आरोपावर मिळाली. मातीचा दाब आणि पाण्याचा निचरा त्यात बसेल, असं मला तरी वाटत नाही.

शेवटचा कागद नकाराचा. समोरचा इंजिनिअर गणितं आणि ड्रॉइंग देतच नसेल, आणि त्यांच्यावाचून जाणकाराला मत देता येत नसेल, तर सर्टिफाइड मेलने लेखी मागणी करा आणि पोच जपून ठेवा. मागणी त्याला मिळून 45 दिवस उलटले तरी कागद आले नाहीत, तर प्रतिज्ञापत्राऐवजी तसं शपथेवर लिहून देता येतं. म्हणून ती हिरवी पोचपावती ड्रॉइंगच्याच फाइलमध्ये, सगळ्यात वर लावा.